नगरला जाणारं कार्ड

सम्राटनं बाजारातून जे आणलं ते जाईबाईंनी हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"आरं, म्या नाताळचं कार्ड सांगितलं हुतं. ही तर लग्नाची पत्रिका हाय!"

"आजी, यष्टी स्टँडपासनं राजवाड्यापातुर एक दुकान सोडलं न्हाई," सम्राट चपला काढता काढता म्हणाला. "कार्डं कोन ठेवतच न्हाई आता. एक दुकानदार तर असा बघाया लागला, जसं काय म्या कंदिलाची काच मागितली. शेवटाला छापखान्यातल्या मानसानं ही नमुन्याची दिली. आतनं कोरी हाय की."

पत्रिका होती मात्र झोकात. जाड बदामी कागद, कडेनं सोनेरी वेल आणि पुढच्या बाजूला डोली उचलून निघालेले भोई. स्वयंपाकघराच्या दारात मेथी निवडत बसलेल्या सुलक्षणानं ती डोली पाहिली आणि मान खाली घातली. जानेवारीत तिचंच लग्न होतं.

तिचा पहिला नवरा, आकाश, जाऊन तीन वर्षं झाली होती. तरण्याताठ्या नवऱ्याच्या मागं बाईनं कसं राहायचं हे सांगायला गल्लीत माणसांना तोटा नव्हता. पण आनंदरावांनी, म्हणजे आकाशच्या वडिलांनी, कुणाचं ऐकून घेतलं नाही. उभी हयात एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस. गर्दीत आवाज कसा चढवायचा हे त्यांना ठाऊक होतं. आंबवड्याचं स्थळ त्यांनीच हुडकलं. भीमराव वायरमन होता, त्याचीही पहिली बायको वारलेली. सुलक्षणाच्या मुलीला, मैत्रीला, तो स्वतःची लेक म्हणून वाढवणार होता, आणि हे त्यानं आपण होऊन सांगितलं होतं, कुणी विचारायच्या आधी. सुलक्षणाला माणूस आवडला होता. आवडला म्हणून तिला चोरट्यासारखंही वाटत होतं, विशेषतः सासूबाईंसमोर.

आज डिसेंबरातला पहिला रविवार, म्हणजे या घरातला कार्डाचा रविवार. एरवी दहा निरोप धाडावे तेव्हा एकदा उगवणारा सोमनाथ, आनंदरावांचा धाकटा भाऊ, या दिवशी मात्र भोंगवलीची शेती सोडून बायकोला घेऊन सकाळीच हजर व्हायचा. येताना भुईमुगाच्या शेंगा आणायचा आणि सगळ्यात जास्त स्वतःच खायचा. सम्राट हा त्याचाच मुलगा, कॉलेजसाठी काकांकडे भोरला राहिलेला.

"दादा, तुझा फोटू न्हाई ह्या टायमाला कार्डावर," सोमनाथ शेंग फोडत म्हणाला. "डोली हाय नुसती."

सगळे हसले. हा चेष्टेचा विषय आनंदरावांच्या वयाइतकाच जुना होता.

झालं होतं असं. आनंदरावांच्या वेळेस जाईबाई वेल्ह्याकडच्या डोंगरात राहत होत्या. घराची भिंत पावसात बसली म्हणून नवऱ्याबरोबर, म्हणजे सोनबाबरोबर, मालकाच्या गोठ्यात बिऱ्हाड हलवलेलं. दिवस भरले ते तिथंच. मूल आडवं आलेलं, आणि गावातली सुईण या लोकांना हात लावायला काही येईना. तेव्हा नव्यानंच वेल्ह्याच्या दवाखान्यात नेमणूक झालेल्या सगुणा सिस्टर चिखल तुडवत वर आल्या. नगरकडच्या ख्रिस्ती बाई. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं, गोठ्यातल्या गवतावर बसल्या आणि आई नि मूल दोघांनाही घेऊनच उठल्या.

पुढे त्यांची नगरला बदली झाली. त्या डिसेंबरात पोस्टमननं एक पाकीट आणलं. आत कार्ड. कार्डावर गोठा, गवतात निजवलेलं तान्हं बाळ, शेजारी आई, मागे गाय.

जाईबाईंनी ते बघितलं आणि ओरडल्याच, "आगं बया! सिस्टरनं माजा आनंदा छापलाय!"

दोन वर्षं त्या गावभर ते कार्ड दाखवत होत्या. गायीचा रंगसुद्धा बरोबर आलाय म्हणत होत्या. मागे उभा असलेला दाढीवाला कोण, असं कुणी विचारलंच तर उत्तर तयार होतं, "त्यो सोनबा. त्याला तवा दाढी कराया सवड कुठं हुती!" ते चित्र खरं कुणाचं हे पुढे कळलं. तरी सिस्टरच्या देवाचा जन्म आपल्या आनंदासारखा झाला, असं त्या अजून म्हणतात. आनंदासारखा, उलटं नाही.

त्या पहिल्या कार्डाच्या खाली सिस्टरांच्या घरातल्या सगळ्यांची नावं होती, ज्याच्या त्याच्या अक्षरात. जाईबाईंनी मनाशी घेतलं की कार्ड म्हणजे घराची हजेरी. घरात कोण कोण सुखरूप आहे ते वर्षातून एकदा कळवायचं. म्हणून उलट कार्डावर त्यांनी स्वतःचा, सोनबाचा अंगठा उमटवला आणि आनंदाचं पाऊल शाईत बुडवून टेकवलं. तीच रीत पडली. लिहिता येणाऱ्यानं आपल्या हातानं नाव लिहायचं, न येणाऱ्यानं अंगठा, तान्ह्यानं पाऊल. जाईबाई पुढे रात्रीच्या साक्षरता वर्गाला गेल्या त्या निवडणुकीतल्या सहीसाठी नव्हे, या कार्डासाठी.

सुलक्षणाला ही रीत कळली ती तिच्या लग्नाच्या वर्षी. आईबाप लहानपणीच गेलेले, भाटघरला चुलत्यानं वाढवलं आणि लग्न लावून हात झटकले. त्या डिसेंबरात, नवी नवरी कोपऱ्यात उभी असताना, जाईबाईंनी सगळ्यांच्या आधी पेन तिच्या हातात दिलं होतं. "लिव बाई, तू नवी हायेस, तिला पैल्यांदा तूच दिसली पायजेस." तिनं नाव लिहिलं. नगरहून उत्तर आलं त्यात सिस्टरांनी लिहिलं होतं, 'सुलक्षणाचं अक्षर फार सुरेख आहे, तिला माझा आशीर्वाद.' आपण या घरात आलो ते त्या दिवशी, असं सुलक्षणा आजही मानत होती. दुसरं माहेर तिला नव्हतंच.

म्हणून गेला महिनाभर तिच्या मनात एकच घोर होता. या वर्षी आपल्याला पेन मिळेल का?

"पर कार्ड धाडायचं कशापायी मी म्हन्तो," सम्राटनं मोबाईल पुढे केला. "सिस्टरच्या नातीचा मेसेज आलाय. आजीला आता दिसत नाही, कार्डाचा त्रास घेऊ नका, नाताळला फोन करा, असं लिवलंय."

"मग झालंच की," सोमनाथ म्हणाला. "एक फोन लावायचा. फुकटात काम."

जाईबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. चिडल्या की त्या एवढं करतात.

"तिचं पैलं कार्ड आलं तवा मला वाचता येत हुतं व्हय रं? पोस्टमन वाचायचा आन् मी ऐकायची. पाच येळा वाचाया लावायची, त्यो बिचारा उनाचा उभा ऱ्हाऊन वाचायचा. आता तिला दिसंना, तर तिचं कोन वाचंल आन् ती ऐकंल. तिनं माजं दोन जीव राखलं. मला वर्साला एक कागुद जड झाला का?"

आनंदरावांनी पत्रिका पाटावर ठेवली, पेनाचं टोपण काढलं. मैत्रीनं डोलीच्या वर एक मोठी चांदणी काढून दिली, म्हणजे नाताळचं वाटेल. भोई आता चांदणीच्या मागे निघाल्यासारखे दिसत होते आणि ते काही वाईट दिसत नव्हतं.

जाईबाईंनी नाव लिहिलं. आनंदरावांनी लिहिलं. पेन चंद्राबाईंकडे, सुलक्षणाच्या सासूकडे आलं. त्यांनी ते हातात धरलं आणि कागदाकडे बघत म्हणाल्या,

"ह्या साली सुलीचं नाव नगं."

मेथीची जुडी सुलक्षणाच्या हातात तशीच राहिली.

"का बरं?" आनंदरावांनी विचारलं.

"ती आता दुसऱ्याच्या घरची व्हनार. हितल्या कागदावर नाव कशाला? उद्या तिकडं कुनी बोललं म्हंजी? जाताना मानसानं मोकळं जावं."

"वयनी बराबर बोलत्यात," सोमनाथनं लगेच री ओढली. "जगाचा बी इचार कराया पायजे. मैत्रीचं लिवा, पोर आपली हाय."

आता या घरात चंद्राबाई आणि सोमनाथची बायको शुभांगी यांचं कधी एका वाक्यावर जमलेलं नव्हतं. मागच्या पावसाळ्यात कांद्याच्या बियाण्यावरून झालेलं भांडण तर अजून मिटायचं होतं. तेव्हा शुभांगी बोलली त्यात अर्धं सुलक्षणासाठी होतं आणि अर्धं जावेसाठी, पण बोलली ती नेमकं.

"पोर तुमची, आन् आई तुमची न्हाई व्हय? लेकराचं नाव लिवायचं आन् आईचं पुसायचं, ही कुठली तऱ्हा म्हनायची?"

"तू गप," सोमनाथ म्हणाला.

"म्या का गप बसू? आज तिचं काढाल, उद्या माजं काढाल."

"आगं, तुजं कोन काढतंय!"

आवाज चढत चालले. आनंदराव बायकोला समजवायला लागले, सोमनाथ आनंदरावांना, आणि सम्राट उगाच मध्ये, "मेसेजच करू, मेसेजवर कितीबी नावं मावत्यात," म्हणून शिव्या खाऊन बसला. सुलक्षणा उठून आत गेली. चूल नव्हती, गॅस होता, आणि डोळ्यांतलं पाणी धुरावर ढकलायला तो काही उपयोगाचा नव्हता. ती नळ सोडून मेथी धुवायला लागली.

पाठोपाठ चंद्राबाई आत आल्या. नळ बंद केला.

"रडतीस व्हय?"

"न्हाई."

"मग त्वांड दाव."

सुलक्षणा वळली. एरवी सासूसमोर तिनं काही मागितलं नव्हतं. या बाईनं स्वतःचा मुलगा गेला त्या महिन्यात सुनेच्या उशाशी बसून तिला घास भरवला होता, तिच्याकडे आणखी मागायचं काय? पण आज ती बोलली.

"आत्या, मला घरातलं काय नको. भांडं नको, दागिना नको. तेवढं नाव लिहू द्या. भाटघरला मला कोन इचारत न्हाई. माझं म्हनून हे एकच दार हाय. तुमी मला हितनं काढलं तर मी सनाला कुठं येऊ?"

चंद्राबाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"तुला काढीन का गं मी? तुला काय वाटतं, मला लई बरं वाटतंय?" त्यांनी पदर तोंडाला लावला, मग काढला. "आपल्या कार्डावरनं नाव गेलं, ते मानूस गेल्यावरच गेलं. सोनबा मामंजी गेले. मग माजा आकाश गेला. त्या वर्साला त्याची जागा मोकळी बघून म्या दोन दिस जेवले न्हाई. आता ह्या साली तू लिवशील आन् फुडल्या साली तुजी जागा मोकळी. मला न्हाई बघवायचं ते, सुले. त्यापरीस आत्ताच नसलेलं बरं."

सुलक्षणाच्या छातीवरचं ओझं एकदम हललं. आपण नकोशा झालो म्हणून नाही, जास्तच हव्या झालो म्हणून हा नकार होता. तिला हसू यावं की रडू, कळेना. तिनं सासूचा हात धरला आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या.

जाईबाईंना कमी ऐकू येतं. पण ते ज्या गोष्टी त्यांना ऐकायच्या नसतात त्यांच्यापुरतंच. बाहेरून त्यांचा आवाज आला.

"चंद्रे, फुडल्या साली तिची जागा मोकळी ऱ्हायला काय झालं? आंबवडं काय परमुलकात हाय? डिसेंबरात यायचं, नाव लिवायचं, जेवायचं, जायचं."

दोघी बाहेर आल्या.

"आन् आत्याबाई, तिच्या घरचा मानूस काय म्हनंल?" चंद्राबाईंनी विचारलं.

"काय म्हनायचं त्यात? त्यालाबी लिवता येतंय न्हवं? त्योबी लिवंल."

सोमनाथच्या हातातली शेंग फुटायची राहिली. ज्या कागदावर आकाशचं नाव असायचं त्या कागदावर भीमरावाचं. हे म्हातारीनं बोलून टाकलं होतं, आणि आता सगळे आकाशच्या आईकडे बघत होते.

चंद्राबाई पाटाशी बसल्या, आपलं नाव लिहिलं आणि पेन सुलक्षणापुढे धरलं. सुलक्षणानं लिहिलं. अक्षर या वेळी सुरेख आलं नाही. मग सोमनाथ, शुभांगी, सम्राट, आणि सगळ्यात शेवटी मैत्रीनं आपलं नाव असं ऐसपैस लिहिलं की तेच सगळ्यांच्या नावांपेक्षा मोठं झालं.

"पाकीट म्या पोस्टात टाकते," चंद्राबाई म्हणाल्या आणि कार्ड आपल्या कापडी पिशवीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्या सकाळी निघाल्या त्या दुपार कलली तरी परतल्या नाहीत. पोस्ट ते घर हे अंतर चालत जाऊन मध्ये चहा घेतला तरी एवढं होत नाही. आल्या तेव्हा पाय धुळीनं माखलेले होते. सुलक्षणानं पाणी दिलं आणि विचारलं, "आत्या, टाकलं का?"

"टाकलं," एवढंच म्हणून त्या आडव्या झाल्या. कुठं गेला होतात, हे विचारायचा सुलक्षणाला धीर झाला नाही. भीमरावाचं नाव म्हातारीनं काढल्यापासून चंद्राबाई तिच्याशी मोजकंच बोलत होत्या. आपल्यापायी त्यांचं दुखणं उकरलं गेलं, असं तिला सारखं वाटत राहिलं. तिनं त्यांचे पाय चेपून दिले. त्यांनी नको म्हटलं नाही.

नाताळच्या दिवशी दुपारी नगरहून फोन आला. सम्राटनं तो स्पीकरवर टाकून जाईबाईंच्या मांडीवर ठेवला. सोमनाथ आणि शुभांगीही आले होते, आणि शुभांगीनं चंद्राबाईंसाठी कांद्याचं बियाणं आणलं होतं.

"जय भीम, जाई," तिकडून सिस्टरांचा आवाज आला. थकलेला, पण तोच.

"जय ख्रिस्त, सिस्टर," जाईबाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत दोघींनी एकमेकींचा नमस्कार घेऊन टाकला होता, तो परत कुणी मागितला नव्हता. "डोळं गेलं म्हनं तुमचं?"

"गेले तर गेले. बघायचं ते बघून झालं. तुझं कार्ड मिळालं गं. नात म्हणते, लग्नाची पत्रिका आहे, आजी! म्हटलं, असेल. जाईच्या घरचं काही सांगता येत नाही." त्या हसल्या. "पण पोस्टातून आलेलं या नाताळचं हे एकच कार्ड. पूर्वी दाराला दोरी बांधून त्यावर लावायचो, जागा पुरायची नाही. आता सगळे मोबाईलवर पाठवतात, ते मला हाताला लागत नाहीत. हे सकाळपासून मांडीवर घेऊन बसले आहे. थांब, आता सगळ्यांसमोर वाचायला सांगते, चुकलं तर तू सांग."

नात वाचायला लागली. पलीकडे गाण्याचे सूर, भांड्यांचे आवाज, आणि त्यातून एकेक नाव भोरच्या खोलीत येत होतं. जाईबाई. आनंदराव. आपलं नाव आलं की जो तो उगीच सावरून बसत होता.

"चंद्राबाई. सुलक्षणा. भीमराव."

सुलक्षणानं चटकन वर पाहिलं. तिनं नाव लिहिलं तेव्हा शेजारी कुणाचंच नाव नव्हतं. आनंदरावही चकित होऊन बायकोकडे बघायला लागले.

"दुसऱ्या दिशी गेले हुते आंबवड्याला," चंद्राबाई कुणाकडेही न बघता हळूच म्हणाल्या. "खांबावर चढला हुता. खाली उतारला, हात धुतलं आन् लिवलं."

पलीकडे नात वाचत सुटली होती. सोमनाथ, शुभांगी, सम्राट, मैत्री. मग सिस्टरांचा आवाज आला.

"जाई, सगळी ओळखीची आहेत. पण ते भीमराव कोण? हे नाव मी आधी ऐकलं नाही."

जाईबाईंनी फोन उचलून सुनेपुढे धरला. चंद्राबाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला. खोलीत मैत्री तेवढी शेंगा खात होती.

"सिस्टर, म्या चंद्रा बोलते," त्या म्हणाल्या. "ते आमचे जावई हायेत."